रडार डिटेक्टरला बंडी दिसत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोयाबीन विकून झाले, कापसाची पहिली वेचणी घरात आली की गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत गर्दी होते. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम आणि एलईडी दिव्यांच्या जोडीला आता रडार डिटेक्टर नावाचा डबा विकायला आला आहे. मोबाइलवरच्या जाहिराती सांगतात की हा डबा काचेला लावला की पोलिसांची वेग मोजणारी स्पीडगन दोन किलोमीटर आधी कळते आणि चालानची कटकट संपते. रस्ते रुंद झाले, चालानही वाढले, त्यामुळे घ्यावा का असे विचारणाऱ्यांना वेड्यात काढून चालणार नाही. पण यंत्र काय पकडते आणि काय पकडत नाही हे विकणारा सांगत नाही, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: आपल्या भागात गाडी चालवणाऱ्याने हे यंत्र घेऊ नये.

आधी स्पीडगनचे काम समजून घेऊ. रेल्वे फाटकावर उभे असताना गाडी जवळ येते तेव्हा शिटी बारीक, चढी ऐकू येते आणि गाडी पुढे गेली की तीच शिटी जाड होते. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. ऑस्ट्रियाच्या ख्रिश्चन डॉप्लरने तो १८४२ मध्ये मांडला. रडारची गन आवाजाऐवजी रेडिओ लहरी सोडते. लहर गाडीवर आपटून परत येते आणि येताना तिची कंपनसंख्या किंचित वाढलेली असते. जगभर खूप वापरल्या जाणाऱ्या ‘के’ बँडची, म्हणजे त्या नावाच्या लहरींच्या पट्ट्याची, गन २४.१२५ गिगाहर्ट्झवर चालते. त्या गनला तुमच्या दर एक किलोमीटर वेगामागे सुमारे ४४.७ हर्ट्झचा फरक मिळतो. म्हणजे ८० च्या वेगाला जवळपास ३,५८० आणि १०० ला ४,४७० हर्ट्झ. गन हा फरक मोजते आणि वेगाचा आकडा दाखवते. जुन्या गन ‘एक्स’ बँडवर, म्हणजे १०.५२५ गिगाहर्ट्झवर होत्या, काही नव्या ‘केए’ बँडवर ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात.

डिटेक्टर हा स्वतः काही मोजत नाही. तो या पट्ट्यांवर कान लावून बसलेला रेडिओ आहे. पुढे एक छोटा कर्ण्यासारखा अँटेना, त्यामागे मिक्सर आणि स्वतःची एक स्थिर लहर तयार करणारा ऑसिलेटर. बाहेरून आलेली लहर या स्थिर लहरीत मिसळून खालच्या, हाताळता येण्यासारख्या कंपनसंख्येवर आणतात आणि ठराविक पट्टीत सिग्नल दिसला की बीप वाजते. चांगल्या यंत्राचा जीव या मिक्सर आणि ऑसिलेटरमध्ये असतो. किमतीतला फरकही तिथेच पडतो.

मग गनच्या आधी डिटेक्टरला कसे कळते? रात्रीची लाइन आली की ओलिताला गेलेल्या माणसाची बॅटरी दोन शेते पलीकडून आपल्याला दिसते, पण त्या बॅटरीच्या उजेडात त्याला आपण दिसत नाही. कारण उजेड आपल्यापर्यंत एकदाच येतो, त्याला दिसायचे तर तोच उजेड आपल्यावरून परत जायला हवा. रडारचेही तसेच. डिटेक्टरला लहरीचा एकेरी प्रवास पुरतो, गनला जाऊन-येऊन दोन्ही. म्हणून सरळ, सपाट रस्त्यावर, गन सतत चालू असेल तर, चांगला डिटेक्टर एक-दोन किलोमीटर आधीही ओरडू शकतो. जाहिरातीतला दावा इथून येतो, आणि एवढ्यापुरता तो खोटा नाही.

पण ‘गन सतत चालू असेल तर’ या पाच शब्दांतच सगळे अडते. रडारच्या गनला थांबवून ठेवण्याची सोय असते. हवालदार ती बंद ठेवून बसतो आणि तुमची गाडी टप्प्यात आली की बटण दाबतो. एका सेकंदात वेग मोजून होतो. डिटेक्टर वाजतो खरा, पण तोपर्यंत तुमचा आकडा गनच्या पडद्यावर आलेला असतो. पुढे दुसरी गाडी असेल, तिच्यावर आधी गन मारली असेल आणि उरलेली लहर तुमच्यापर्यंत आली असेल, तरच इशारा कामाचा. आपल्या गावरस्त्यांवर दुपारी पुढे-मागे किलोमीटरभर कोणी नसते, तेव्हा पहिली गाडी तुमचीच.

आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे महामार्ग पोलिसांच्या वेग तपासणाऱ्या इंटरसेप्टर गाड्यांवर बहुतेक वेळा रडार नाही, लेसरची गन असते. तिचे काम वेगळे. ती डॉप्लर वापरत नाही. सुमारे ९०५ नॅनोमीटरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे ठोके गाडीवर मारते आणि प्रत्येक ठोका जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजते. ३०० मीटरवरच्या गाडीवरून किरण परत यायला फक्त २ मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला शंभराच्या वर ठोके. दर ठोक्याला अंतर किती कमी झाले यावरून वेग निघतो, आणि सगळे काम सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात ते अर्ध्या सेकंदात उरकते. ९० च्या वेगाने तुम्ही तेवढ्यात जेमतेम आठ ते बारा मीटर पुढे गेलेले असता.

हा किरण फार पसरतही नाही. रडारच्या गनचा झोत १२ अंशांचा धरला तर ३०० मीटरवर तो ६० मीटरच्या वर रुंद होतो, म्हणून गर्दीत रडारला नेमकी कोणती गाडी हे ओळखणे अवघड जाते. लेसरचा ठिपका तेवढ्याच अंतरावर सुमारे ९० सेंटिमीटरचा असतो. हवालदार तो नंबरप्लेटवर धरतो. आता तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट परावर्तक असते, ती किरण जसाच्या तसा गनकडे परत पाठवते. तुमचा डिटेक्टर मात्र वर काचेला चिकटलेला. ठिपका त्याला शिवतही नाही. शिवला तरी त्याचा अर्थ ‘मोजून झाले’ एवढाच. डब्यावर ‘लेसर डिटेक्शन’ असे मोठ्या अक्षरात छापलेले असते, त्याची किंमत ही.

खांबावरचे कॅमेरे हा तिसरा प्रकार. त्यातले काही रस्त्याखाली पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यांवर चालतात, काही फक्त चित्रावरून वेग काढतात. या दोन्हींतून रेडिओ लहर निघतच नाही, मग डिटेक्टर ऐकणार काय? काहींत रडार असते, पण कमी ताकदीचे आणि वरून खाली एकेका लेनवर रोखलेले. ते कळलेच तर शे-दोनशे मीटरवर कळते. १०० च्या वेगाने तेवढे अंतर चार ते सात सेकंदांत संपते, आणि त्या सेकंदांत घाबरून दाबलेला ब्रेक मागच्या ट्रकला तुमच्या डिकीत आणतो.

सरासरी वेगाची पद्धत तर या यंत्राच्या पूर्ण आवाक्याबाहेरची. एका कॅमेऱ्याने तुमची नंबरप्लेट एका जागी टिपली, दुसऱ्याने १० किलोमीटर पुढे. मधला वेळ साडेचार मिनिटे निघाला तर सरासरी १३३ झाली. कॅमेऱ्याखाली तुम्ही ६० वर आला होतात की ४० वर, त्याने काही फरक पडत नाही. समृद्धीवर टोलची आकारणीच शिरण्या-उतरण्याच्या ठिकाणांवरून होते, वेळ नोंदलेली असतेच. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर, १२० च्या कमाल मर्यादेने न थांबता गेले तर ४ तास २० मिनिटे. कोणी चार तासांत उतरला तर त्याचा वेग सरासरी १३० होता, हे चौथीतले पोरगेही सांगेल.

आता दुकानातल्या डब्यांविषयी. अमेरिकेत चांगला डिटेक्टर २०० ते ८०० डॉलरला मिळतो. आपल्याकडे ऑनलाइन दीड-दोन हजारांत ‘१६ बँड, ३६० अंश’ म्हणून जे विकतात ते त्या जातीचे नव्हे. यातली अनेक यंत्रे रशियाच्या बाजारासाठी बनलेली आहेत, काहींचा आवाजही रशियन. तिथल्या ‘स्ट्रेल्का’ कॅमेऱ्याचे नाव डब्यावर छापलेले असते, त्याचा यवतमाळ-वाशीमच्या रस्त्याशी काय संबंध? ‘केए’ बँड लिहिलेला असतो, आत तो पकडण्यालायक भाग नसतो. उलट ‘के’ बँडवर नको तिथे बोंब. हॉस्पिटलच्या किंवा मॉलच्या आपोआप उघडणाऱ्या दारांचे मायक्रोवेव्ह सेन्सर याच पट्ट्यात चालतात. काही नव्या गाड्यांना बाजूची आंधळी जागा दाखवणारे सेन्सर असतात, तेही २४ गिगाहर्ट्झच्या आसपास. अशी गाडी शेजारून गेली की तुमचा डबा ओरडतो. दुकानदार प्रात्यक्षिक म्हणून असेच दार किंवा टीव्हीचा रिमोट वापरून बीप वाजवून दाखवू शकतो. तेवढ्यावरून यंत्र महामार्गावर कामाचे ठरत नाही. दिवसातून वीसदा खोटी बीप ऐकलेला माणूस चौथ्या दिवशी आवाज बंद करतो, आणि मग यंत्र नुसते शोभेला उरते.

ज्यांनी घेऊन झाला आहे त्यांच्यासाठी जोडणीबद्दल दोन गोष्टी, कारण खरे नुकसान इथे होते. हे यंत्र साधारण पाव अँपिअर वीज खाते. लायटर सॉकेटमध्ये लावले आणि किल्लीसोबत बंद होत असेल तर हरकत नाही. पण वायर दिसू नये म्हणून पुष्कळ जण ती थेट बॅटरीच्या कायम चालू लाइनवर टाकून घेतात. पाव अँपिअर म्हणजे दिवसाला ६ अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, ती निम्मी उतरली की स्टार्टर कुरकुरतो. गाडी तीन दिवस उभी राहिली की धक्का मारायची वेळ. लाइन घ्यायचीच तर किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप लावून, आणि तिच्यात स्वतंत्र १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज घालून घ्यावी. काचेच्या बाजूच्या खांबाच्या कव्हरखालून वायर ओढताना आत पडद्याची एअरबॅग आहे का ते आधी पाहावे. एअरबॅगच्या वरून वायर गेली तर ती उघडताना अडते, आणि कव्हर ओढून काढताना क्लिप तुटली तर अपघातात तोच तुकडा तोंडावर येतो. शिवाय आपला उन्हाळा. बाहेर ४५ असताना उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत तापतो. रबरी चकती सुटते, आत बॅटरी असलेले यंत्र फुगते. काच धातूच्या थराची असेल किंवा तशी फिल्म लावली असेल तर लहरी आतच येत नाहीत, आणि यंत्र काचेमागे गप्प बसते.

कायद्याचे म्हणाल तर आपल्या मोटार वाहन कायद्यात रडार डिटेक्टर हा शब्द नाही, पण म्हणून मोकळीक आहे असे समजू नये. रेडिओ उपकरण परदेशातून मागवले की दूरसंचार खात्याच्या परवान्याचा प्रश्न येतो आणि पार्सल कस्टममध्ये अडकू शकते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत खाजगी गाडीला तो चालतो, पण व्हर्जिनियात आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये बंदी आहे, आणि अवजड व्यावसायिक वाहनांना तर देशभर बंदी. जॅमर, म्हणजे लहरी बिघडवणारे यंत्र, आपल्याकडे सरळ बेकायदा आहे. त्याच्या नादी कोणीही लागू नये.

चालानला घाबरून डिटेक्टर घेणाऱ्याला आपले नियमच नीट माहीत नसतात, आणि त्याला कोणी ते सांगतही नाही. केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेल्या कमाल मर्यादेप्रमाणे मोटारगाडीला एक्स्प्रेसवेवर १२०, दुभाजकाच्या चारपदरी रस्त्यावर १००, इतर रस्त्यांवर ७०. मालवाहू गाडीला चारपदरीवर ८०, इतर रस्त्यांवर ६०. मोटारसायकललाही चारपदरीवर ८० आणि इतरत्र ६०. राज्य किंवा स्थानिक अधिकारी यापेक्षा कमी मर्यादा घालू शकतात, तिथे पाटी हवी. कलम १८३ प्रमाणे हलक्या वाहनाला दंड १ ते २ हजार, मध्यम आणि अवजड वाहनाला २ ते ४ हजार, दुसऱ्यांदा सापडल्यास लायसन्स जप्त. याच कलमात एक गोष्ट मालकांसाठी आहे, ती मालकवर्ग सोयीने विसरतो: चालकाला वेगाने गाडी चालवायला लावणारा मालकही त्याच शिक्षेला पात्र आहे. भाजीची गाडी पहाटे चारला नागपूरच्या कळमना मार्केटला लागलीच पाहिजे म्हणून पोराला रात्री पिटाळणाऱ्यांनी हे वाचावे. आणि चालकाच्या बाजूचेही एक आहे. नुसत्या एका साक्षीदाराच्या अंदाजावर वेगाची शिक्षा होत नाही, मोजमाप यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने झालेले असावे लागते.

२०२१ मध्ये आलेल्या १६७-अ या नियमाने कॅमेऱ्याच्या चालानला अटी घातल्या आहेत. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक पाटी हवी. यंत्राला राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचे मान्यता प्रमाणपत्र हवे, तेही दरवर्षी नूतनीकरण केलेले. नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांत निघायला हवी आणि तिच्यात नंबरप्लेट दिसणारा फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि जागा हवी. वेग मोजणाऱ्या रडारची वजनमापे कायद्याखाली तपासणी आणि शिक्का लागू करणारे नियमही केंद्राने काढले, ते १ जुलै २०२५ पासूनचे. कापसाच्या काट्यावर आपण वजनमापे खात्याचा शिक्का बघतो ना, तसाच. तेव्हा चालान चुकीचे वाटले तर राज्याच्या ई-चालान संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे आकडे टाकून फोटो उघडावा. प्लेट आपलीच आहे का, गाडीचा प्रकार जुळतो का, त्या जागेची मर्यादा किती, एवढे तपासून तिथेच तक्रार नोंदवावी. व्हॉट्सॲपवर ‘चालान’ नावाची एपीके फाइल आली तर मात्र उघडू नये, तो बँक खाते साफ करण्याचा धंदा आहे. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपतो.

गन चुकीची असते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कधी असेलही, पण रडारची एक नेहमीची चूक चालकाच्या फायद्याची असते. गन रस्त्याच्या कडेला, म्हणजे गाडीच्या वाटेला तिरकी धरलेली असते. जितकी तिरकी तितका आकडा कमी येतो. १० अंशांना १०० चे साडेअठ्ठ्याण्णव, २० अंशांना ९४. उलट तुमचाच स्पीडोमीटर तुम्हाला फसवू शकतो. कंपनीचा मीटर मुद्दाम थोडा जास्त दाखवतो, पण कोणी भरदार दिसावे म्हणून मोठे टायर घातले आणि टायरचा व्यास ५ टक्के वाढला, तर मीटरवर ८० दिसताना खरा वेग त्याच प्रमाणात वाढतो आणि कंपनीने ठेवलेली सूट त्यात खर्ची पडते. तपासणे सोपे आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर वेग ६० वर स्थिर धरायचा आणि शेजारी बसलेल्याने एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत मोबाइलवर वेळ मोजायची. ६० सेकंद किंवा थोडे जास्त यायला हवेत. ५७ आले तर खरा वेग ६३ आहे. एकाच दगडावर विसंबू नये, काही दगड सरकलेले असतात. सलग तीन-चार किलोमीटर मोजून सरासरी काढावी.

वेगाचा इशारा हवाच असेल तर तो फुकट मिळतो. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या मोटारीत कंपनीनेच बीप दिलेली आहे, ८० च्या पुढे थांबून थांबून आणि १२० च्या पुढे सलग. ती वायर कापून देणारे मिस्त्री आहेत, त्यांनी हे काम करू नये. मोबाइलमधले गूगल मॅप्स आणि मॅपल्स चालू वेग दाखवतात, पुष्कळ ठिकाणचे कायमचे कॅमेरे आणि मर्यादाही दाखवतात. ते लहर ऐकत नाहीत, साठवलेल्या नकाशावरून सांगतात, म्हणून लेसर घेऊन उभा असलेला हवालदार त्यांनाही कळत नाही. मेळघाटात नेटवर्क जाते, तिथला नकाशा घरूनच उतरवून घ्यावा.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले ती. आपल्या रस्त्यावर माणूस मरतो तो कशामुळे? अंधारात मागे दिवा नसलेली बैलबंडी, रस्त्यात उभी बिघडलेली ट्रॉली, कपाशीच्या पऱ्हाटीतून अचानक उडी मारून आलेला रोही, म्हणजे नीलगाय, डांबरावर वाळत घातलेले सोयाबीन आणि त्याचे कुटार, पावसाळ्यात शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांना लागून आलेली काळी माती. यातले काहीही डिटेक्टरवर बीप करत नाही.

आकडे मांडून पाहा. समोरचे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, टायर चांगले आणि रस्ता कोरडा धरला, तर ६० च्या वेगाने गाडी सुमारे ४५ मीटरमध्ये थांबते, ८० ला ६९ मीटर लागतात, १०० ला ९८ आणि १२० ला १३० च्या वर. समोरून गाडी आली म्हणून दिवा डिपर केला की उजेड कामापुरता साधारण ५० मीटरच पडतो. म्हणजे डिपरवर ६० ने जाणारा बंडीच्या अलीकडे थांबतो. ८० ने जाणारा ब्रेक लावायच्या आधीच ३३ मीटर गेलेला असतो, उरलेल्या १७ मीटरमध्ये कितीही ब्रेक दाबला तरी बंडीवर ५८ च्या आसपास वेगाने आदळतो. वेगात फरक फक्त २० चा. रस्त्यावर कुटार किंवा ओली माती असेल तर ६० ही जास्त होतात, तिथे थांबायला ६० मीटर लागतात, तेव्हा पन्नासवर यावे.

डिटेक्टरचे दोन हजार खिशात असतील तर आधी टायर पाहा. खोबणी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद, पण पावसात ३ मिलिमीटरलाच पकड कमी होते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. जुना टायर खोबणी असूनही कडक झालेला असतो. हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी मोजावी. तापलेल्या टायरची ‘जास्त’ झालेली हवा काढू नये, थंड झाल्यावर ती कमी पडते आणि कमी हवेचा टायरच महामार्गावर तापून फुटतो. हेडलाइट तपासायला गाडी सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा ५ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. वर असेल तर समोरचा आंधळा होतो, फार खाली असेल तर तुम्हाला पुढचे दिसत नाही. मागे माणसे किंवा पोती भरली की पुढचे तोंड वर होते, त्यासाठी स्टिअरिंगजवळ दिव्याची उंची बदलणारे चाक दिलेले असते. ते वापरायचे असते हेच कित्येकांना ठाऊक नाही.

आणि उरलेल्या पैशांतून रेडियम घ्या, आपल्या बंडीला, ट्रॉलीला लावायला. मागे लाल, पुढे पांढरी, दोन इंच रुंदीची पट्टी. लाकडावर ती टिकत नाही, एका उन्हाळ्यात सुटते. म्हणून आधी टिनाच्या पट्टीवर, टिन पुसून कोरडे करून चिकटवावी आणि टिनाला कडेला भोके पाडून खिळ्यांनी ठोकावी. उंची जमिनीपासून दोन ते तीन फूट, कारण डिपरचा उजेड त्यापेक्षा वर जात नाही. वर लावलेले रेडियम डिपरवर चमकतच नाही. दोन्ही टोकांना लावावी, मधोमध एकच लावली तर रात्री मागच्याला ती मोटारसायकल वाटते आणि तो बाजूने काढायला जातो. पऱ्हाटी किंवा कडबा भरला की तो मागे लोंबतो आणि पट्टी झाकली जाते, तेव्हा लाल पट्टी लावलेला टिनाचा दुसरा तुकडा सुतळीने भाऱ्याच्या टोकाला बांधावा.

कापसाचा हंगाम सुरू आहे. बाजार समित्यांना आणि जिनिंगवाल्यांना विनंती आहे की काट्याजवळ रेडियम लावलेल्या टिनाच्या पट्ट्या, हातोडी आणि खिळे ठेवावेत. ट्रॉली रिकामी व्हायला जो वेळ लागतो, त्यातल्या दहा मिनिटांत दोन पट्ट्या ठोकून होतात.

आपला,
मोटार वायरिंगचे काम करणारा एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ